कोलारच्या सोन्याचा हिशेब आणि गाळलेला रकाना

'केजीएफ' हा सिनेमा आपल्या वस्त्यांतल्या तरुणांनी दोन-दोन, तीन-तीन वेळा पाहिला. रॉकीचे संवाद पोरांना तोंडपाठ आहेत. पण खरे केजीएफ, म्हणजे कर्नाटकातील कोलार गोल्ड फील्ड्स, कुणी बांधले हे विचारले तर बहुतेक जण गप्प बसतात. तिथे कुणी एकटा नायक नव्हता. तिथे होते उत्तर अर्काट, चित्तूर, सेलम या भागांतून पोटासाठी आलेले हजारो आदिद्रविड मजूर. म्हणजे आपलीच माणसे. पा. रंजित यांनी 'तंगलान' (२०२४) मधून ही माणसे पडद्यावर आणली, तेव्हा कुठे या बाजूची थोडीफार चर्चा झाली.

आज हा विषय काढण्याचे कारण सिनेमा नाही. २०२२ च्या अखेरीस तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी चंद्रपूर आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत सोन्याचे साठे असल्याचे जाहीर केले. ज्या चंद्रपुरात १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली, तेच हे चंद्रपूर. बातमी आली की दोन प्रकारची माणसे बोलू लागतात. एक म्हणतात, जिल्ह्याचे सोने होणार. दुसरे म्हणतात, जमीन जाणार. पण 'साठा आहे' हे ठरवतो कोण, कसे ठरवतो, त्या हिशेबात काय धरतो आणि काय सोडून देतो, हा मधला प्रश्न कुणी विचारत नाही. कोलारचा इतिहास वाचायचा तो या प्रश्नासाठी.

सोने सापडणे आणि खाण होणे, या दोन वेगळ्या गोष्टी

फेब्रुवारी २०२० मध्ये उत्तर प्रदेशातील सोनभद्र जिल्ह्यात तीन हजार टनांहून अधिक सोने सापडल्याची बातमी देशभर पसरली. टीव्हीवाल्यांनी भारत महासत्ता झाल्याचेही सांगून टाकले. मग भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने खुलासा केला. तिथे होते सुमारे ५२,८०६ टन खनिज दगड, आणि त्यात टनामागे सरासरी ३.०३ ग्रॅम सोने. गुणाकार करा. एकूण सोने भरते सुमारे १६० किलो.

हा गुणाकारच साठ्याच्या मूल्यमापनाचा पाया आहे. एक टन दगड फोडायचा, दळायचा, रसायनात धुवायचा आणि हाती यायचे पाव तोळा सोने. म्हणून भूवैज्ञानिक आधी पाहतात की सोने धरणारी गारगोटीची शीर किती लांब आहे, किती रुंद आहे आणि जमिनीत किती खोल, कोणत्या कलाने उतरते. ठरावीक अंतरावर भोके पाडून दगडाच्या कांड्या बाहेर काढतात, त्यांची प्रयोगशाळेत तपासणी करतात. सोने दगडात सारखे पसरलेले नसते. एका हातावर भरपूर, दुसऱ्या हातावर शून्य, असा त्याचा स्वभाव. म्हणून एक-दोन चमकदार नमुन्यांवर विश्वास ठेवणारा हमखास बुडतो.

त्यानंतर खर्चाचा हिशेब येतो. दगड बाहेर काढायला किती, दळायला किती, वीज किती, पाणी किती, मजुरी किती. टनामागे अमुक ग्रॅमपेक्षा कमी सोने असेल तर दगड काढणे परवडत नाही, अशी एक रेषा ठरते. रेषेच्या वरचा तो 'साठा', खालचा तो नुसता दगड. सोन्याचा भाव चढला की कालचा दगड आज साठा होतो. मजुरी वाढली की कालचा साठा आज दगड होतो.

मित्रांनो, इथेच थांबून विचार करा. साठा निसर्ग देतो असे आपल्याला सांगितले जाते. दगडातले सोने निसर्गाचे, हे खरे. पण त्यातला किती भाग 'साठा' म्हणायचा, हे खर्चाच्या वहीवर ठरते. आणि त्या वहीत मजुराच्या घामाची, फुफ्फुसाची, पुढच्या पिढीची किंमत किती लिहायची, हे वही लिहिणारा ठरवतो.

पहिला शोध कुणाचा?

पुस्तकांत कोलारच्या सोन्याची कथा इंग्रज अधिकाऱ्यापासून सुरू होते. १७९९ मध्ये टिपू सुलतान पडला. म्हैसूरच्या सीमा आखण्याचे काम लेफ्टनंट जॉन वॉरन याच्याकडे आले. १८०२ मध्ये त्या भागात फिरताना त्याच्या कानावर सोन्याच्या गोष्टी आल्या. सोने दाखवील त्याला बक्षीस, असे त्याने जाहीर केले. गावकरी बैलगाडीतून माती घेऊन आले, त्याच्यासमोर धुतली आणि सोन्याचे कण काढून दाखवले. त्याने हिशेब मांडला की सुमारे ५६ किलो मातीत एक ग्रेन, म्हणजे जेमतेम ६५ मिलिग्रॅम सोने मिळते. मारिकुप्पमजवळ त्याने पाहिले की माणसे अरुंद खड्ड्यांत उतरून दगड काढतात, टोपल्या हातोहात वर येतात आणि बाया तो दगड कुटून त्याची पूड करतात.

आता सांगा, शोध कुणी लावला? माती कुठली उचलायची, शीर कुठे वळते, कोणता दगड कुटायचा आणि कोणता टाकून द्यायचा, हे सगळे त्या खड्ड्यात उतरणाऱ्या माणसाला आणि दगड कुटणाऱ्या बाईला ठाऊक होते. यालाच आज मूल्यमापन म्हणतात. फरक एवढाच की त्यांनी ते कागदावर लिहिले नाही. लिहिण्याचा हक्क त्यांना या देशाच्या व्यवस्थेने दिलाच नव्हता. वॉरनने लिहिले, म्हणून वॉरनचे नाव राहिले.

सत्तर वर्षांनी मायकेल लॅव्हेल नावाचा आयरिश निवृत्त सैनिक बंगळुरूला आला. वॉरनचा जुना लेख वाचून तो बैलगाडीने कोलारला गेला. १८७३ मध्ये त्याने म्हैसूर सरकारकडे अर्ज केला, १८७५ मध्ये त्याला परवाना मिळाला. पैसा उभा राहिना, म्हणून त्याने हक्क दुसऱ्यांना विकून टाकला. आज बंगळुरूच्या श्रीमंत भागात त्याच्या नावाचा लॅव्हेल रोड आहे. बैलगाडी भरून माती आणणाऱ्या गावकऱ्यांच्या नावाची गल्लीही नाही.

साहेबांचा अंदाज चुकला, मजुरांचे खड्डे बरोबर निघाले

त्याच सुमारास दक्षिणेत दुसरीकडे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. निलगिरीलगतच्या वायनाडमध्ये सोन्याच्या शिरा दिसल्या. ऑस्ट्रेलियातून ब्रो स्मिथ नावाचा तज्ज्ञ आणला गेला. त्याच्या १८८० च्या अहवालानंतर लंडनच्या बाजारात डझनावारी कंपन्या निघाल्या, लाखो पौंडांचे भागभांडवल गोळा झाले. प्रत्यक्ष दगड दळायला घेतला तेव्हा कळले की वरच्या नमुन्यांत दिसलेले सोने खोल गेल्यावर टिकत नाही. दोन-तीन वर्षांत सगळा फुगा फुटला.

कोलारही याच मार्गाने चालले होते. १८८० मध्ये स्थापन झालेल्या म्हैसूर गोल्ड मायनिंग कंपनीचे भांडवल संपत आले होते. भागधारक गाशा गुंडाळा म्हणत होते. जॉन टेलर अँड सन्स या व्यवस्थापक कंपनीने उरलेल्या पैशांत आणखी एक प्रयत्न करायचे ठरवले. प्लमर नावाच्या खाण-कप्तानाने नव्या जागी खणण्याऐवजी जुन्या देशी खड्ड्यांच्या तळाखाली खणायला घेतले. तिथे चॅम्पियन शीर सापडली. पुढची शंभरहून अधिक वर्षे जिच्या जोरावर कोलार चालले ती हीच शीर.

म्हणजे लंडनच्या तज्ज्ञांचा हिशेब फसला आणि ज्यांना अडाणी म्हटले त्यांच्या खड्ड्यांनी कंपनी वाचवली. त्या जुन्या खणणाऱ्यांकडे पंप नव्हता, पाणी लागले की त्यांना थांबावे लागे. त्यांचे ज्ञान जिथे थांबले, बरोबर तिथूनच कंपनीचा नफा सुरू झाला. भागभांडवलात मात्र त्या ज्ञानाची किंमत शून्य पैसे धरली गेली. हा पहिला गाळलेला रकाना.

दुसरा रकाना : फुफ्फुस

शीर सापडल्यावर माणसे लागली. १९०१ च्या जनगणनेत केजीएफची लोकसंख्या अडतीस हजारांवर गेली होती. १९०२ मध्ये कावेरीवरील शिवनसमुद्रहून सुमारे १४८ किलोमीटर तारा ओढून खाणीला वीज आणली गेली. बंगळुरू शहराला वीज मिळाली ती त्यानंतर, १९०५ मध्ये. सोन्यासाठी या देशात काय काय होऊ शकते, याचा हा पुरावा. आणि माणसासाठी? मजुरांच्या वाट्याला आल्या चटया-पत्र्यांच्या झोपड्यांच्या रांगा.

खाण खोल जात गेली. शेवटी ती जमिनीखाली तीन किलोमीटरहून खोल उतरली. तिथे दगडाचे तापमान साठ अंश सेल्सिअसच्या पुढे. दाबाने दगड अचानक फुटून माणसे गाडली जात. पण खरा मारेकरी आवाज न करणारा होता. गारगोटी फोडताना उडणारी बारीक धूळ श्वासाबरोबर फुफ्फुसात बसते आणि तिथे व्रण करते. हा सिलिकोसिस. त्यावर औषध नाही. १९४० ते १९४६ दरम्यान कोलारच्या सात हजारांहून अधिक कामगारांची तपासणी झाली, तेव्हा शंभरात चाळीसहून अधिक जणांना हा आजार निघाला. म्हैसूर संस्थानाने १९४० मध्ये सिलिकोसिससाठी नुकसानभरपाईचे नियम केले. भारतात असे नियम पहिल्यांदाच झाले. पण तोवर खाण सुरू होऊन साठ वर्षे लोटली होती. त्या साठ वर्षांत जे खोकत खोकत गावी परतले आणि मेले, ते कुठल्याच वहीत नाहीत.

आता पुन्हा त्या रेषेकडे या. टनामागे खर्च किती, यावर साठा ठरतो. फुफ्फुसाची किंमत शून्य धरली की खर्च कमी दिसतो. खर्च कमी दिसला की साठा मोठा दिसतो आणि लंडनचा लाभांश वाढतो. कोलारने एकूण सुमारे ८०० टन सोने दिले, असे अभिमानाने सांगतात. त्यातले किती टन आमच्या माणसांच्या श्वासाच्या उधारीवर निघाले, याचा अहवाल एकाही भूवैज्ञानिकाने लिहिलेला नाही.

आणि ही उधारी कुणाच्या नावावर? वर युरोपियन आणि अँग्लो-इंडियन साहेब, कचेरीत सवर्ण कारकून, जमिनीखाली बहुसंख्य आदिद्रविड. जात ही केवळ कामाची विभागणी नसून काम करणाऱ्यांचीच उतरंड आहे, हे बाबासाहेबांनी 'जातिप्रथेचे निर्मूलन'मध्ये मांडले. कोलारमध्ये ती उतरंड अक्षरशः खोलीच्या फुटांत मोजता येत होती.

काही मित्र म्हणतील, खाणीनेच तर गावच्या जमीनदाराच्या तावडीतून सोडवले, रोख पगार दिला. हे खरे आहे आणि ते नाकारायचे कारण नाही. वेठबिगारीपेक्षा खाण बरी वाटली म्हणूनच माणसे आली. पण गावात माणसाला पर्याय नव्हता, म्हणून खाणीला तो स्वस्तात मिळाला. कंपनीच्या नफ्यात गावच्या जातिव्यवस्थेचा हा छुपा वाटा होता.

ज्यांना मोजले नाही, त्यांनी स्वतःला मोजले

कोलारचा इतिहास नुसता सोसण्याचा नाही. पंडित अयोतीदास (१८४५–१९१४) यांनी १८९८ मध्ये मद्रासला शाक्य बौद्ध संघ स्थापन केला. बाबासाहेबांच्या धम्मक्रांतीच्या अर्धशतक आधी तमिळ अस्पृश्य बुद्धाकडे वळू लागले होते आणि त्या चळवळीचे एक भक्कम ठाणे होते मारिकुप्पम, म्हणजे हीच सोन्याची खाण. रोख पगारातून मजुरांनी विहार चालवले, शाळा काढल्या. अयोतीदासांचे 'तमिळन' हे पत्र बंद पडल्यावर १९२० च्या दशकात जी. अप्पादुरै यांनी ते केजीएफमधूनच पुन्हा सुरू केले. याच परंपरेतले पी. लक्ष्मी नरसू यांच्या 'द इसेन्स ऑफ बुद्धिझम' या ग्रंथाच्या १९४८ च्या आवृत्तीला बाबासाहेबांनी प्रस्तावना लिहिली. ज्या माणसाचे मोल कंपनीने टनामागे काही आण्यांत केले, तो माणूस पगारातून पैसा काढून वर्तमानपत्र छापत होता!

एप्रिल १९३० मध्ये कंपन्यांनी प्रत्येक कामगाराच्या बोटांचे ठसे घेण्याचा घाट घातला. गुन्हेगाराचे घेतात तसे ठसे. कामगारांनी काम बंद केले. तीन आठवडे खाणी ठप्प झाल्या आणि ठशांची सक्ती मागे घ्यावी लागली. लक्षात घ्या, हा संप केवळ पगाराचा नव्हता. आम्हाला कसे मोजायचे हे तुम्ही एकट्याने ठरवायचे नाही, असे सांगणारा तो संप होता. महाड सत्याग्रहाला तेव्हा तीन वर्षे झाली होती आणि नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह नुकताच सुरू झाला होता. भाषा वेगळी, प्रांत वेगळा, पण स्वाभिमान तोच.

बाबासाहेबांनी रकाना कसा भरला

जुलै १९४२ ते जून १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. आपण त्यांची संविधानकार ही ओळख सांगतो, पण खाणींच्या संदर्भात त्यांनी केलेले काम फार कमी जणांना माहीत असते. डिसेंबर १९४३ मध्ये त्यांनी धनबादच्या कोळसा खाणींना भेट दिली, स्वतः खाणीत उतरून काम पाहिले, कामगारांची घरे पाहिली. युद्धकाळात बायांना पुन्हा खाणीखाली उतरवण्याच्या निर्णयावर टीका झाली, तेव्हा पुरुषाइतक्याच कामाला पुरुषाइतकाच पगार हे तत्त्व त्यांनी पुढे ठेवले. खाणकामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या लाभाचा कायदा त्यांनी सुधारला.

पण मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. १९४४ मध्ये कोळसा खाण कामगार कल्याण निधी आला. त्याची रचना अशी की खाणीतून बाहेर पडणाऱ्या कोळशावर उपकर बसवायचा आणि त्या पैशातून कामगारांची घरे, पाणी, दवाखाने, शिक्षण करायचे. १९४६ मध्ये अभ्रक खाणींसाठीही तसाच कायदा झाला. यातली मेख ओळखा. कामगाराचे कल्याण मालकाच्या दयेवर सोडले नाही, ते मालाच्या किमतीतच बसवले. म्हणजे मूल्यमापनाच्या वहीत जो रकाना रिकामा होता, तो बाबासाहेबांनी कायद्याने भरायला लावला. अर्थशास्त्राचा डॉक्टर मजूरमंत्री झाला की काय होते, ते हे.

कोलार म्हैसूर संस्थानात होते, त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानातले हे कायदे तिथे थेट पोहोचले नाहीत. पण दिशा तिथून मिळते.

खाण बंद झाली, हिशेब मिटला का?

१९५६ मध्ये खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, १९७२ मध्ये भारत गोल्ड माइन्स ही केंद्राची कंपनी आली. तोवर चांगली शीर खूप खोल गेली होती आणि टनामागचे सोने घटले होते. सरकार कोलारचे सोने आंतरराष्ट्रीय दराने घेई, देशातल्या बाजारात भाव त्याहून बराच जास्त असे. मग वहीत तोटा दिसणारच. २८ फेब्रुवारी २००१ रोजी खाण बंद झाली. इंग्रजांच्या काळात लाभांश लंडनला गेला आणि स्वराज्यात तोटा मात्र कामगाराच्या नावावर लिहिला गेला.

बंद खाणीतून उरले काय? सायनाइडच्या गाळाचे पांढरे डोंगर आणि उन्हाळ्यात घराघरांत शिरणारी त्यांची धूळ. पहाटेच्या गाडीने बंगळुरूला मजुरीला जाणारी आणि रात्री परतणारी पोरे. २०११ मध्ये याच केजीएफमध्ये मैल्याच्या खड्ड्यात उतरलेले तीन सफाई कामगार गुदमरून मेले. आजोबा सोन्यासाठी खड्ड्यात उतरला, नातू मैल्यासाठी. खड्डा बदलला, जात बदलली नाही.

आणि आता नवे मूल्यमापन आले आहे. जून २०२४ मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने तेरा गाळाच्या डोंगरांतून पुन्हा सोने काढण्याच्या केंद्राच्या प्रस्तावाला संमती दिली. सुमारे ३.३ कोटी टन गाळ आणि त्यात अंदाजे २३ टन सोने. टनामागे एक ग्रॅमही नाही. पण सोन्याचा भाव चढला, म्हणून कालचा कचरा आज साठा झाला. जो गाळ इतकी वर्षे लोकांच्या छातीत गेला, त्याला आज किंमत आली. त्या छात्यांना मात्र अजून आलेली नाही.

आपण काय करायचे?

खाण नकोच, असे माझे म्हणणे नाही. बाबासाहेब उद्योगाच्या विरोधात नव्हते. माझे म्हणणे एवढेच की चंद्रपूर असो की कोलार, साठ्याचा अहवाल आला की आपल्या कार्यकर्त्यांनी टाळ्याही वाजवू नयेत आणि नुसत्या घोषणाही देऊ नयेत. अहवाल मागावा, वाचावा आणि प्रश्न विचारावेत. टन किती, टनामागे ग्रॅम किती, हा अंदाज प्राथमिक पाहणीचा आहे की पूर्ण तपासणीचा? खर्चात धुळीपासून संरक्षण धरले आहे का? आजारी पडणाऱ्याची भरपाई धरली आहे का? खाण बंद झाल्यावर गाळाचे काय करणार, त्याचे पैसे आज बाजूला काढले आहेत का? काम कायम की कंत्राटी, आणि वरच्या जागांवर कोण? २०१५ च्या दुरुस्तीने आलेल्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा पैसा बाधित गावांत जातो की जिल्ह्याच्या ठिकाणच्या सुशोभीकरणात? जिथे वनहक्क आणि पेसा लागू आहे, तिथे ग्रामसभेला विचारले का?

यासाठी आपल्या पोरांनी भूविज्ञान शिकले पाहिजे, खाण अभियांत्रिकी शिकली पाहिजे, ताळेबंद वाचायला शिकले पाहिजे. वॉरनपुढे माती धुणाऱ्या माणसाला सगळे ठाऊक होते, फक्त लेखणी त्याच्या हातात नव्हती. आज बाबासाहेबांमुळे ती आपल्या हातात आहे. आता वही आपण तपासायची आणि रिकामा रकाना दिसला की त्यावर बोट ठेवायचे.

जय भीम!